निळं का होईना

चौथ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं, तेव्हाही प्लेटवरच्या यीस्टच्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, पांढऱ्याच होत्या. सायीचे टिपके पडावेत तशा. त्या निळ्या व्हायला हव्या होत्या. प्रयोगशाळेतले मामा माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "बेळ्ळग अद री." पांढरंच आहे. मामा बैलहोंगलकडचे. माझ्याशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायचे, पण वाईट बातमी मात्र नेहमी कन्नडमधून द्यायचे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. एमएस्सीला बेळगावात होते, रोज येऊन-जाऊन. शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट असतो, आणि वर्गातल्या बहुतेकांनी झाडपाल्याचे अर्क काढून जिवाणूंवर घालायचं ठरवलं होतं. ते स्वस्तात होतं, वेळेत होतं, आणि काही ना काही निकाल येतोच. आमच्या मॅडम धारवाडच्या. त्यांनी मला विचारलं, "जनुक चालू आहे की बंद, हे डोळ्यांनी बघायचंय का तुला?" मी हो म्हणाले. त्या हो मध्ये पुढचे पाच महिने गेले.

कल्पना तशी सोपी आहे. पेशीत हजारो जनुकं असतात, यीस्टमध्येच सहा हजारांच्या आसपास. त्यातलं कुठलं कधी चालू होतं ते बाहेरून कळत नाही. मग एक युक्ती करायची. ज्या जनुकाचा अभ्यास करायचा त्याच्या पुढचा भाग, म्हणजे प्रमोटर, जिथून 'चालू हो' असा हुकूम सुटतो तो तुकडा घ्यायचा, आणि त्याच्यामागे दुसरंच एक जनुक जोडायचं, ज्याचं काम सहज दिसतं. हुकूम सुटला की ते दुसरं जनुक रंग दाखवणार. याला रिपोर्टर जीन म्हणतात. मॅडम त्याला वार्ताहर म्हणायच्या. गावातल्या मंडळींना सांगताना मी बातमीदार म्हणायचे, ते त्यांना लगेच कळायचं.

माझा बातमीदार होता लॅकझेड. मूळचा ई. कोलाय या जिवाणूचा. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली ज्या लॅक ओपेरॉनचं, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचं, कोडं सोडवलं, त्याच घरातला. त्यातून बीटा-गॅलेक्टोसिडेज नावाचं विकर (एन्झाइम) बनतं, आणि ते दुधातली साखर, लॅक्टोज, तोडून तिचे ग्लुकोज आणि गॅलेक्टोज असे दोन भाग करतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे हे जनुक नाहीच. म्हणून तर ते कामाचं: यीस्टमध्ये हे विकर दिसलं, तर ते आपण घातलेल्या जनुकाचंच. १९८१ साली ग्वारेंटे आणि टाश्नी या अमेरिकी संशोधकांनी यीस्टच्या सायटोक्रोम-सी जनुकापुढचा तुकडा लॅकझेडला जोडून ही वाट दाखवली.

माझा प्रमोटर गॅल१ चा. यीस्टला गॅलेक्टोज खायला मिळालं की तो चालू होतो, आणि चालू होतो म्हणजे असा तसा नाही, साधारण हजार पटींनी. ग्लुकोज असलं की ठार बंद. शिकाऊ माणसाला देण्यासारखा हाच, असं मॅडमना वाटलं. चालू-बंद इतकं ढळढळीत की चुकायला वावच नाही. वाव होता.

हा प्रमोटर आणि लॅकझेड ज्यावर जोडलेले होते ते डीएनएचं छोटं कडं, म्हणजे प्लास्मिड, आलं ते पोस्टाच्या पाकिटातून. मॅडमच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेनं फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून, वाळवून, त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून पाठवलं होतं. मी पाकीट उघडून दोनदा आत बघितलं, बाटली कुठाय म्हणून. तो गोल कापायचा, पाण्यात भिजवायचा, ते पाणी ई. कोलायमध्ये घालायचं, आणि जिवाणूंकडून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढून घ्यायच्या. हा भाग बिनघोर झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

यीस्टमध्ये घालताना मात्र पहिले दोन आठवडे फुकट गेले. आमच्या यीस्टला युरासिल हा वाढीला लागणारा घटक स्वतः बनवता येत नाही, आणि प्लास्मिडवर ते बनवायचं जनुक आहे. म्हणून युरासिल नसलेल्या प्लेटवर ज्याच्या पोटात प्लास्मिड गेलं तोच जगणार. पेशींना लिथियम अ‍ॅसिटेटमध्ये ठेवायचं, वर पीईजी नावाचं पाकासारखं दाट द्रावण, मासळीच्या डीएनएचे तुकडे सोबतीला, आणि ४२ अंशांवर चाळीस मिनिटं. पहिल्या वेळी एकही वसाहत आली नाही. दुसऱ्या वेळी वळीव आला, वीज गेली, वॉटर बाथ थंड होत चालला. मामांनी चहाच्या मोठ्या थर्मासात गरम आणि गार पाणी मिसळून थर्मामीटरनं ४२ जुळवून दिलं आणि त्यात माझ्या नळ्या तरंगत ठेवल्या. तरीही काही नाही. दोष थर्मासाचा नव्हता. मासळीचा डीएनए वापरण्याआधी पाच मिनिटं उकळून झटकन बर्फात घालायचा असतो, म्हणजे त्याचे दोन धागे सुटे होतात आणि सुटेच राहतात. मी तो फ्रीझरमधून काढून तसाच घालत होते. प्रोटोकॉलमध्ये ते लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. फक्त 'आधीच उकळून ठेवलेला असेल' असं गृहीत धरलं. तिसऱ्या वेळी थर्मासच वापरला, हट्टानं, आणि चाळीसेक वसाहती आल्या.

आता त्या वसाहती गॅलेक्टोज आणि एक्स-गॅल घातलेल्या प्लेटवर उतरवल्या. एक्स-गॅल रंगहीन असतं. बीटा-गॅलेक्टोसिडेजनं ते तोडलं की निळं होतं. महाग, उजेडात खराब होणारं, म्हणून पितळी भांड्यातल्या सोन्यासारखं फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेलं. शेजारी ग्लुकोजची प्लेट. ग्लुकोजवर पांढरं, गॅलेक्टोजवर निळं, असा फोटो काढायचा आणि पहिला धडा संपवायचा, असा माझा बेत.

दोन्ही प्लेटा पांढऱ्या.

मी मॅडमना सांगितलं, "जनुक चालू होत नाहीये." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या गावात बातमीदार आहे ना? पेपरात गावाची बातमी आली नाही, तर गावात काही घडलं नाही असं म्हणशील?" मग त्यांनी कागद पुढे सरकवला आणि पांढऱ्याचे जितके अर्थ निघतील तितके लिहायला सांगितले. प्रमोटर चालूच झाला नाही. प्लास्मिड बिघडलेलं आहे. गॅलेक्टोजमध्ये थोडं ग्लुकोज मिसळलेलं आहे आणि तेवढ्यानंच सगळं दबलं. एक्स-गॅल मेलं. विकर बनलं, पण काम करत नाही. विकर काम करतंय, पण एक्स-गॅल पेशीच्या आत पोचत नाही. सहा अर्थ निघाले, आणि मी त्यातला पहिलाच खरा मानून बसले होते. शिवाय माझ्याकडे कायम निळी होणारी, खात्रीची एकही वसाहत शेजारी नव्हती, जिच्याशी ताडून बघता आलं असतं. मला अजूनही वाटतं, प्रोजेक्टभर केलेली सगळ्यात मोठी चूक तीच.

पेशी फोडून आतलं बघायचं तर एक जुनी रीत आहे. प्लेटवर फिल्टर पेपर दाबायचा, वसाहती त्याला चिकटतात, तो पेपर दहा सेकंद द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. उणे १९६ अंशांना गोठल्या आणि मग वितळल्या की पेशी फुटतात. मग तो एक्स-गॅल घातलेल्या बफरवर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर, ठेवायचा. आमच्याकडे सगळं होतं, द्रव नायट्रोजन नव्हता. एवढ्याशा कामासाठी कोण सिलिंडर मागवणार?

त्या रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "काय करूलालीस गे सारखी? जेवणावर ध्यान नाही तुझं." मी सांगितलं. आप्पांच्या गोठ्यात तीन म्हशी आणि एक जर्सी गाय. ते घास थांबवून म्हणाले, "धूर येतो तेच काय? डॉक्टरकडं असतंय की." मला आधी कळेना. मग उजेड पडला. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्या डब्यात ठेवतात, तो द्रव नायट्रोजनचाच डबा. तीन वर्षं मी जीवतंत्रज्ञान शिकत होते आणि आमच्या गोठ्यात तो डबा दर काही महिन्यांनी येत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी मला तपासून घेतलं, हे काय, कशाला, झाकण घट्ट लावशील का? लावणार नाही म्हटल्यावर मान हलवली. झाकण घट्ट लावलं तर वायू कोंडून भांडं फुटतं. नवा नायट्रोजन येणार होता, जुना डब्याच्या तळाशी उरला होता, त्यातला स्टीलच्या फ्लास्कमध्ये ओतून दिला. एसटीत तो घेऊन बसायचं नाही, हे ठरलेलं. आप्पांनी मोटरसायकल काढली. मी मागे बसून फ्लास्क हाताच्या अंतरावर उभा धरला, झाकण नुसतं टेकवलेलं, आणि खानापूरपासून बेळगावपर्यंत आमच्यामागे पांढऱ्या धुराची बारीक रेघ. देसूरच्या अलीकडे एका टेंपोवाल्यानं ओरडून विचारलं, गाडी पेटलीय काय.

त्या दिवशी फिल्टर पेपर अर्ध्या तासात निळा व्हायला लागला. आधी कडा, मग सगळे टिपके, शेवटी शाईसारखे गर्द. ग्लुकोजच्या प्लेटवरचा पेपर संध्याकाळपर्यंत कोराच. मामा म्हणाले, "नीली आयतु नोड्री!" चांगली बातमीसुद्धा कन्नडमध्येच निघाली. माझं निरीक्षण तिथं खोटं पडलं.

म्हणजे विकर पेशीत होतंच. मग प्लेटवर रंग का नाही? उत्तर कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला. यीस्ट वाढताना भोवतीचं माध्यम आंबट करतं, पीएच चारच्याही खाली जातो. ई. कोलायचं हे विकर मात्र सातच्या आसपास नीट काम करतं. जिवाणूंच्या प्लेटची कृती मी यीस्टला तशीच लावली होती. यीस्टच्या एक्स-गॅल प्लेटमध्ये पीएच ७ चा फॉस्फेट बफर घालावा लागतो, आणि तोही वेगळा ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, मग मिसळायचा. फिल्टरच्या रीतीत पेशी थेट बफरमध्ये फुटल्या, म्हणून तिथं रंग आला. जिच्या घरी आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं, त्या पोरीला आंबटपणाचा विसर पडावा! बफर घालून प्लेट केल्या, आणि दुसऱ्या दिवशी निळ्या.

पण निळं म्हणजे किती? डोळ्याला 'जास्त निळं' आणि 'थोडं निळं' एवढंच कळतं. मोजायचं तर ओएनपीजी नावाचं दुसरं रसायन. बीटा-गॅलेक्टोसिडेज तेही तोडतं, आणि त्यातून पिवळा रंग सुटतो. पेशी बफरमध्ये घ्यायच्या, एसडीएस हा साबणासारखा पदार्थ आणि क्लोरोफॉर्म यांचे थेंब घालून त्यांना भोकं पाडायची, ओएनपीजी घालायचं, घड्याळ लावायचं, हळद कालवल्यासारखं पिवळं दिसलं की सोडियम कार्बोनेट ओतून थांबवायचं. कार्बोनेटनं पीएच एकदम वर जातो, विकर थंडावतं आणि पिवळा रंग आणखी खुलतो. बफरमध्ये बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असतं. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. बसमध्ये शेजारची बाई नाक झाकून खिडकीकडे सरकली, तेव्हा मला कळलं की तो ओढणीत बसतो.

आकडा काढायची रीत जेफ्री मिलर यांच्या नावानं, मिलर युनिट. पिवळ्याची मोजणी ४२० नॅनोमीटरच्या उजेडाला, पेशींची गर्दी ६०० ला. पहिलीला हजारनं गुणायचं, आणि मिनिटं, घेतलेले मिलिलिटर व पेशींची गर्दी या तिघांच्या गुणाकारानं भागायचं. समजा पिवळं ०.४५, वेळ ६ मिनिटं, पेशींचं द्रावण ०.१ मिलिलिटर, गर्दी ०.५, तर दीड हजार युनिट. फॉर्म्युल्यात मिनिटं आहेत हे फार मोलाचं. कारण त्यामुळे मला घाई करता येत नव्हती आणि विसरताही येत नव्हतं. बारा नळ्या, प्रत्येकीत पंधरा सेकंदांच्या अंतरानं ओएनपीजी, आणि तितक्याच अंतरानं कार्बोनेट. मामा मोबाइलवर सेकंद मोजायचे, "हूं... हूं..." करत.

खरी अडचण शेवटच्या गाडीची होती. यीस्ट भरपूर खाणं असेल तर दीड तासात दुप्पट होतं, पण आमच्या निवडक माध्यमात, तेही रॅफिनोज नावाच्या साखरेवर, त्याची चाल मंद. पेशी वाढीच्या भरात असतानाच घ्यायच्या, शिळ्या नाहीत. म्हणून मी उलटी गणितं करायचे: संध्याकाळी गाडी चुकवायची नाही, म्हणजे मोजणी तीनला, गॅलेक्टोज अकराला, म्हणून आदल्या संध्याकाळी निघताना किती थेंब टाकून जायचं? एप्रिलमध्ये वीज गेली तरी नळ्या टेबलावरच वाढायच्या, खोलीच तीस अंशांच्या वर असायची. उन्हाळ्यानं तेवढा एक उपकार केला.

रॅफिनोज का, ते सांगायचं राहिलं. प्रोजेक्टमधलं मला सगळ्यात आवडलेलं तेच. ग्लुकोजवर वाढलेल्या पेशी धुऊन गॅलेक्टोजमध्ये टाकल्या, तर तासन्‌तास पिवळं येत नाही. रॅफिनोजवर वाढलेल्या पेशींना गॅलेक्टोज दिलं, तर तासाभरात येतं. रॅफिनोज ही या जनुकापुरती अलिप्त साखर. हुकूम देत नाही, दाबतही नाही. आतली व्यवस्था अशी: गॅल४ नावाचं प्रथिन प्रमोटरजवळ बसून जनुक चालू करतं. गॅल८० त्याला धरून ठेवतं. गॅलेक्टोज आलं की ते गॅल३ ला मिळतं, गॅल३ जाऊन गॅल८० ला गुंतवतं, आणि गॅल४ मोकळं होतं. रॅफिनोजमध्ये गॅल४ जागेवर हजर असतं, नुसतं बांधलेलं. ग्लुकोजमध्ये मिग१ नावाचं दुसरंच प्रथिन गॅल४ चं उत्पादनच कमी करतं, आणि गॅलेक्टोज आत घेणारी वाटही बंद असते. तोंडी परीक्षेला मी हे आमच्या गोठ्यावरून सांगितलं: रॅफिनोजमध्ये म्हैस दावणीला आहे, दावं सोडायचा अवकाश. ग्लुकोजमध्ये म्हैस अजून रानातून आणायचीय. बाहेरून आलेले परीक्षक हसले, पण मार्क कापले नाहीत.

एका गोष्टीत मात्र बातमीदारानं मला फसवलं. जनुक बंद होताना बघू म्हणून मी गॅलेक्टोजवर पिवळ्या झालेल्या पेशींत ग्लुकोज घातलं आणि आकडा पडायची वाट बघत बसले. तास गेला, दोन गेले, आकडा आपला हळूहळू उतरतोय, पेशी दुप्पट झाल्या की साधारण निम्मा. ग्लुकोज घातल्यावर हुकूम तर लगेच थांबायला हवा होता. पण आधी बनलेलं विकर टिकाऊ असतं. ते मोडत नाही, नुसतं नव्या पेशींत वाटलं जातं. म्हणजे जनुक कधी चालू झालं हे लॅकझेड चांगलं सांगतं. कधी बंद झालं हे विचाराल, तर जुनीच बातमी पुन्हा पुन्हा छापतं. हल्ली पुष्कळ लोक जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन वापरतात. त्यात पेशी फोडायला लागत नाहीत, पण साधं जीएफपीही असंच चिवट. बंद होणं बघायचं तर लवकर मोडेल असं मुद्दाम घडवलेलं घ्यावं लागतं. माझ्या अहवालात हा भाग अर्धं पान आहे. मला तो चार पानं हवा होता, पण सबमिशनची तारीख आली.

घरी हे सगळं सांगितल्यावर आप्पांनी विचारलं, "मग आता ते यीस्ट दूध पचवंल काय?" मी बेधडक हो म्हणाले. दुधातली साखर तोडणारं विकर आहे ना त्याच्यात! अंथरुणावर पडल्यावर शंका आली. विकर पेशीच्या आत, साखर बाहेर, आणि पाव फुगवणाऱ्या या यीस्टकडे लॅक्टोज आत घेणारं प्रथिनच नाही. आवराआवरीच्या आठवड्यात एक नळी केलीच. साखर म्हणून फक्त लॅक्टोज, विकर बनत राहावं म्हणून किंचित गॅलेक्टोज, आणि शेजारी तेवढंच किंचित गॅलेक्टोज असलेली दुसरी. तीन दिवसांनी दोन्ही नळ्या सारख्याच, जेमतेम धुरकट. लॅक्टोजला कुणी शिवलंही नव्हतं. ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी मी तिचा फोटो काढला आणि आप्पांना दाखवला.

आप्पांना स्वतःला दूध सोसत नाही. तीन म्हशी बाळगून आयुष्यभर ताकावर. त्यांनी फोटो लांब धरून नीट बघितला आणि मोबाइल परत दिला.

"व्हय तर," म्हणाले, "त्यालाबी ताकच दे."